फाल्कनची टाकी बसेना

व्हर्लिन टोस्टरुडला सासऱ्याने मुलगी दिली, पण गाडीची किल्ली दिली नाही. हे तो स्वतःच सांगतो आणि सांगताना हसतो, म्हणून आम्हीही हसतो.

सासरा एल्मर कडक माणूस. चौसष्ट सालची फिकट निळी फोर्ड फाल्कन त्याने कोरी करकरीत घेतली, आणि त्या दिवसापासून तिच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. बायकोचा नाही, मुलीचा नाही. जावयाचा तर प्रश्नच नव्हता. रविवारी चर्चला जाताना एल्मर आणि त्याची बायको पुढे, आणि मागे लेक-जावई, गुडघे जुळवून, शाळकरी पोरांसारखे. गंमत अशी की हा जावई पेशाने ड्रायव्हर. आमच्या लुंडबीच्या शाळेची पिवळी बस त्याने इतकी वर्षं चालवली की अर्धं गाव त्याच्या पाठीमागच्या बाकांवर मोठं झालं. बर्फ असो, धुकं असो, व्हर्लिनची बस कधी खड्ड्यात गेली नाही. गावाने आपली पोरं त्याच्या हवाली केली. एल्मरने फाल्कन केली नाही.

पुढे एल्मर गेला. गाडी आर्डिसच्या, म्हणजे व्हर्लिनच्या बायकोच्या, भावाकडे आली आणि त्याच्या शेतावरच्या रिकाम्या खुराड्यात पडून राहिली. एक दिवस भावाचा फोन आला, की आम्ही कायमचे ॲरिझोनाला चाललो, गाडी नेतोस की भंगारात देऊ? व्हर्लिन त्याच दुपारी ट्रेलर घेऊन दारात उभा. गाडीच्या चारही चाकांत हवा नव्हती, गाद्यांत उंदरांनी संसार थाटले होते, आणि छतावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या कोंबड्यांनी आपलं मत स्पष्टपणे नोंदवलेलं होतं. तरी व्हर्लिनच्या चेहऱ्यावर असं तेज, की वरातीतल्या घोड्यावर बसलेल्या नवऱ्याच्याही नसेल.

तेव्हापासून आमचे शनिवार त्याच्या गॅरेजमध्ये जाऊ लागले. आम्ही म्हणजे तिघं. डुएन क्वाले, जो शेतकऱ्यांची यंत्रं सांधून देतो आणि बोलायचं असलं तर दिवसातून तीन वाक्यं बोलतो. लोवेल बाके, निवृत्त विमा एजंट. त्याने पाना उचलला की सगळे नट आपापल्या जागी शहारतात, म्हणून त्याच्याकडे सल्ला द्यायचं खातं. आणि मी. मी टॉर्च धरतो. हसू नका, वाईट टॉर्च धरणाऱ्यामुळे घरंच्या घरं मोडलेली मी पाहिली आहेत.

हळूहळू गाडी उभी राहिली. गंजलेला तळ डुएनने बदलला. इंजिन खोललं, पुन्हा जोडलं. गाद्या आर्डिसने स्वतः शिवल्या. राहता राहिली पेट्रोलची टाकी. जुनी टाकी आतून गंजून तिची चाळण झाली होती. डुएन एक भोक बुजवायचा की शेजारी दुसरं डोळा उघडायचं. शेवटी त्याने ती जमिनीवर ठेवली आणि म्हणाला, "हिच्यात आता भाजी निथळत ठेवा."

आणि नेमकं त्याच सुमाराला व्हर्लिनच्या डोळ्यांचं निघालं.

आधी आमच्या लक्षात आलं ते कॉफीवरून. तो ओतायचा ती कपाच्या शेजारी. मग पिकअप आर्डिसच चालवायला लागली, तो म्हणायचा, "कंबर धरते माझी." मग डॉक्टरांनी सांगितलं: नजरेचा मधला भाग जातोय. कडेचं दिसेल, समोरचं पुसट होत जाईल. औषधाने वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. ऑगस्टमध्ये त्याचा वाढदिवस. त्या दिवशी परवाना संपणार, आणि नवा करायचा तर डोळे तपासून घ्यायचे. त्या तपासणीत काय होणार हे त्याला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, पेट्रोलपंपावरच्या माणसालाही माहीत होतं.  त्यावर व्हर्लिन एकदाच बोलला, तेही ब्रेकच्या नळीकडे बघत.

"तोवर एकदा चालवीन म्हणतो. आर्डिसला शेजारी बसवून तळ्यापर्यंत. तेवढंच."

एवढंच मागणं. आणि मध्ये फक्त एक टाकी.

नवी टाकी दक्षिणेतल्या एका कंपनीकडून मागवली. जुन्या गाड्यांचे हुबेहूब नवे भाग करून विकणारी कंपनी. जूनमध्ये पेटी आली. आम्ही ती उघडली तेव्हा टाकी अशी चकाकत होती की लोवेलने तिच्यात बघून केस सारखे केले. आता, या फाल्कनची रीत अशी, की टाकी खालून टांगायची नसते. डिकीच्या तळाला मोठं चौकोनी भोक असतं, त्यात ती वरून सोडायची. तिची कड भोकाच्या काठावर टेकते, भोवतीने स्क्रू आवळायचे, झालं. टाकीचं डोकं हाच डिकीचा तळ. बाकी उरते पेट्रोल भरायची नळी. ती मागच्या पत्र्यातून आत येते आणि रबराच्या तुकड्याने टाकीच्या तोंडाला जोडायची.

डुएन आणि व्हर्लिनने टाकी आत सोडली. मी उजेड धरला.

"बसतेय?" लोवेलने विचारलं.

डुएनने बराच वेळ पाहिलं. "बसतेय की. फक्त गाडी दुसरी पाहिजे."

एका बाजूची भोकं भोकांवर आली होती. दुसऱ्या बाजूला टाकीचं भोक एकीकडे आणि गाडीचं दुसरीकडे, मध्ये चंद्रकोरीएवढा उजेड. शेजाऱ्यांनी भांडण झाल्यावर कुंपणातून पाहावं तसं. आणि टाकीचं तोंड नळीकडे बघायचं सोडून जादा चाकाकडे बघत होतं.

"अरे, जरा ढकल की," लोवेल म्हणाला.

"कुठे?"

"तिकडे."

"तिकडे ढकलली तर इकडची जातात."

"मग इकडे ढकल."

डुएनने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याची त्या दिवसाची वाक्यं संपली होती.

सरळ गोष्ट अशी, की माणसाने कंपनीला फोन करावा, टाकी चुकली म्हणून सांगावं, बदलून घ्यावी. पण हे सरळ लोकांसाठी झालं. आमच्याकडे तक्रार करणं म्हणजे परक्याच्या घरात बूट घालून शिरणं. फारच नावडलं तर आम्ही म्हणतो, "जरा वेगळं आहे." चर्चमध्ये नवा गालिचा टाकला तेव्हा दोन म्हाताऱ्या त्याला "वेगळा आहे" म्हणाल्या, आणि गालिचा निवडणाऱ्या बाईंनी समितीचा राजीनामा दिला. एवढी त्या शब्दाची धार.

व्हर्लिनने फोन लावला. आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावून तो टेबलावर ठेवला. पलीकडे एक मुलगी, आवाजात मध.

"टोस्टरुड बोलतोय, मिनेसोटाहून. तुम्हाला त्रास देतोय, माफ करा हं."

"त्रास कसला साहेब! बोला ना."

"ती फाल्कनची टाकी पोचली. वेळेवर आली. पेटी फार मजबूत होती."

"अरे वा! मग बसली का छान?"

व्हर्लिनने आमच्याकडे पाहिलं. लोवेलने मूठ वळून दाखवली. आणि व्हर्लिनने आयुष्यातलं सगळ्यात कडक वाक्य उच्चारलं.

"जरा वेगळी आहे."

आम्ही तिघांनी श्वास रोखला. तिकडे काहीच कोसळलं नाही.

"वेगळी म्हणजे कशी हो?"

"म्हणजे... भोकं सगळी आहेत. त्यांनी जागा आपापल्या घेतल्यात."

मुलगी खळखळून हसली. "तुम्ही फार गमतीशीर आहात हो! मग असं करू का साहेब, दुसरी पाठवू?"

लोवेलने टेबलावर हळूच थाप मारली. जिंकलो. आता व्हर्लिनने फक्त 'हो' म्हणायचं होतं. पण 'हो' असं पहिल्या झटक्यात म्हणता येत नाही ना. आमच्याकडे कुणी कॉफी विचारली तरी पहिल्यांदा "नको, कशाला" म्हणायचं, दुसऱ्यांदा "अहो, उगीच तुम्हाला त्रास" म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अर्धा कप." दोनदा नाही म्हटल्याशिवाय हो म्हणणारा माणूस आमच्यात वखवखलेला समजतात.

"नको नको, कशाला," व्हर्लिन म्हणाला.

"नक्की ना?"

"अहो, उगीच तुम्हाला त्रास."

"बरं तर मग! इतकं समजूतदार गिऱ्हाईक रोज मिळत नाही हं. तुमचा दिवस छान जावो!"

आणि फोन बंद.

आम्ही चौघं त्या फोनकडे बघत राहिलो. तिसऱ्यांदा विचारायचं राहिलंच होतं. आर्डिस स्वयंपाकघराच्या दारात, हातात ओलं फडकं.

"व्हर्लिन, तू टाकीची तक्रार केलीस की तिला लग्नाची मागणी घातलीस?"

"विचारेल ती परत," व्हर्लिन म्हणाला. "कामात असेल."

आणि खरं सांगतो, पुढचे कित्येक दिवस तो फोनपासून फार लांब गेला नाही. बागेत गेला तरी खिडकी उघडी ठेवून. इतकी चांगली मुलगी, तिसऱ्यांदा विचारणार नाही असं होईल कसं? जून गेला. चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक झाली. फाल्कनऐवजी व्हर्लिन घडीच्या खुर्चीवर बसून मिरवणूक बघत होता, डोकं एका बाजूला कलवून, कारण आता त्याला तसंच दिसायचं. समोरून मिरवणूक जाताना तो बघायचा कुठेतरी दुकानाच्या पाटीकडे.

शेवटी आर्डिसने फोन लावला. ती रागावलेली होती, तोंडात रागाची वाक्यं तयार होती. बराच वेळ आम्हाला आतून हसण्याचे आवाज येत होते. ती बाहेर आली तेव्हा तिच्याकडे त्या मुलीच्या आजीची मक्याच्या पावाची कृती होती.

"आणि टाकी?" लोवेलने विचारलं.

आर्डिस खुर्चीवर बसली. "तिची आजी दवाखान्यात आहे रे. मी टाकीचं कसं काढू?"

 मीही तिच्या जागी काढलं नसतं.

ऑगस्ट लागला. आता दुसरा इलाज नव्हता. हीच टाकी याच गाडीत, मनवून, दटावून, कानसून बसवायची. डुएनने खडूने खुणा केल्या, भोकं कुठे वाढवायची आणि नवी कुठे पाडायची त्याच्या. ड्रिल त्याच्या हातात होतं. व्हर्लिन पुढे झाला.

"दे इकडे. मी करतो."

डुएन थांबला.  गाडी त्याची, टाकी त्याची. द्यायचं नाही म्हणणार कोण? डुएनने ड्रिल दिलं.

व्हर्लिन वाकला. टोक खुणेवर ठेवलं आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं की त्याला ते दिसत नाहीये. जिथे बघायचा तिथलंच नाहीसं होत होतं. मग त्याने मान तिरकी केली, कोंबडी दाणा बघते तशी, आणि कडेच्या नजरेने खूण पकडली. डाव्या हाताच्या बोटाने चाचपून टोक जागेवर आणलं. पहिलं भोक बरोबर पडलं. दुसरंही. लोवेल म्हणाला, "बघ, जमतंय की!" आणि तिसऱ्याला ड्रिल घसरलं. कडेवरून सुटून टाकीच्या अंगात गेलं. नव्या, चकचकीत, एकही थेंब न पाहिलेल्या टाकीच्या पोटात एक गोल, स्वच्छ भोक.



व्हर्लिनने बोट त्या भोकावर ठेवलं. बराच वेळ ते तिथून काढलं नाही, जणू आतलं काही वाहून जाईल.

"पत्रा पातळ आहे," डुएन म्हणाला. "दोष पत्र्याचा."

"हल्ली सगळ्याच गोष्टींचा पत्रा पातळ," लोवेल म्हणाला.

मी उजेड दुसरीकडे वळवला. एवढंच मला सुचलं. व्हर्लिनने ड्रिल डुएनच्या हातात दिलं, कुणाकडे न बघता, आणि घरात जाऊन आर्डिसने रुबार्बच्या आंबट देठांच्या केलेल्या वड्यांचं ताट घेऊन आला. आम्ही त्या खाल्ल्या. वाईट बातमी असली की आमच्याकडे भूक फार लागते.

डुएनने भोक सांधलं. बाकीची भोकं त्याने पाडली. व्हर्लिन शेजारी उभा राहून स्क्रू एकेक करून हातात देत होता, आणि चुकून खाली पडला तर आम्ही कुणी पाहिलंच नाही असं दाखवत होतो. टाकीचं तोंड फिरवता येईना, तेव्हा डुएनने ट्रॅक्टरच्या रेडिएटरची वाकडी रबरी नळी कापून मध्ये घातली. ती अशी वळली की टाकीने अखेर रुसवा सोडून नळीला तोंड दिलं. कडेखाली चिकट पट्टी भरली, स्क्रू आवळले. पेट्रोल ओतलं. आम्ही चौघं गाडीखाली आडवे झालो, लोवेलसुद्धा, आणि नाकं वर करून वास घेत राहिलो. गळत नव्हती. फक्त डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा जो 'भरलेली' वर जाऊन बसला, तो टाकीत कितीही असो, तिथून हलायला तयार नव्हता.

"आशावादी आहे," व्हर्लिन म्हणाला. त्या महिन्यातला तो पहिला विनोद.

तो शनिवार होता. वाढदिवस सोमवारी.

इंजिन खोकलं, शिंकलं, आणि चालू झालं. आर्डिस आतून आली ती चांगला स्वेटर घालून, मांडीवर केकचा डबा. तिने पुढचं दार उघडलं आणि बसण्याआधी क्षणभर थांबली. मागच्या सीटवर जायची जुनी सवय. मग पुढे बसली. व्हर्लिन स्टिअरिंगमागे. हात घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी, बसचे हात. त्याने गाडी मागे घेतली, सरळ केली, आणि घरापासून हमरस्त्यापर्यंतच्या खडीच्या वाटेवर घातली. ती वाट त्याच्या पायाखालची. दोन्ही बाजूंना गवत. तेवढं कडेच्या नजरेला पुरे. फाल्कन अशी चालली जशी तिला कधी कोंबड्यांचा शेजार माहीतच नव्हता. लोवेलने टोपी काढून हलवली. डुएनने काही केलं नाही, पण तो गाडीमागे चार पावलं चालत गेला.

वाटेच्या टोकाला थांबायची लाल पाटी. गाडी थांबली. उजव्या वळणाचा दिवा लुकलुकायला लागला, तळं उजवीकडे. गव्हाची कापणी चालू होती, आणि हमरस्त्यावरून धान्याचे ट्रक भरधाव जात होते. एक गेला. गाडी हलली नाही. दुसरा गेला. मग रस्ता मोकळा झाला, आम्हाला दोन्हीकडे मैलभर दिसत होतं, चिटपाखरू नाही. गाडी तिथेच.

ड्रायव्हरचं दार उघडलं. आम्हाला वाटलं उतरतोय. उतरला नाही. रेल्वे फाटकावर बस थांबवून दार उघडायचं आणि कान द्यायचा, हा त्याचा बसमधला नेम. तो रस्त्याला कान देत होता.

"मी म्हटलं, मोकळा आहे," आर्डिसने आम्हाला पुढे सांगितलं. "तो म्हणाला, तू सांगितल्यावर मी निघालो तर चालवतंय कोण? मग मी गप्प बसले."

आणखी एक ट्रक गेला. पुन्हा शांत झालं. इतकं शांत की वळणाच्या दिव्याची टिकटिक आम्हाला गॅरेजपर्यंत ऐकू येतेय असं वाटलं. धावत जावं का? जाऊन करायचं काय? हात दाखवून ये ये म्हणायचं, त्या माणसाला, ज्याने आमची पोरं एकाही ओरखड्याशिवाय घरी आणून सोडली?

मग व्हर्लिन उतरला. दार हळूच लावलं. गाडीला वळसा घालून पलीकडे गेला, एक हात तिच्या अंगावरून फिरवत, बॉनेटवरून, दिव्यांवरून. आर्डिस सीटवरून सरकत स्टिअरिंगमागे गेली. तो तिच्या जागी बसला आणि केकचा डबा मांडीवर घेतला.

गाडी बंद पडली. चालू झाली. पुन्हा बंद पडली.

"क्लच," लोवेल पुटपुटला. पिकअपला तो नव्हता.

"गप," डुएन म्हणाला.

तिसऱ्यांदा फाल्कन उडी मारून रस्त्यावर चढली आणि उजवीकडे वळली. गियर बदलताना जो आवाज आला तो एल्मरने थडग्यातही ऐकला असेल. खिडकीतून व्हर्लिनचा हात बाहेर आलेला दिसत होता. तो हात दाराच्या पत्र्यावर हलके हलके ठोकत होता. कधी गियर बदलायचा ते तो इंजिनचा आवाज ऐकून तिला सांगत होता. एक ठोका, आणि गाडीने दुसरा गियर घेतला. बऱ्याच वेळाने आणखी एक.

सोमवारी तो तपासणीला गेला नाही. परवाना काढून आर्डिसच्या हातात दिला, म्हणे, ठेव कुठेतरी.

पण त्या शनिवारी आम्ही तिघं अंगणात नुसते उभे होतो, हात खिशात घालून. आमचा मुलूख सपाट. गाडी दिसेनाशी झाली तरी तिचा आवाज पुष्कळ वेळ येत राहिला, बारीक, आणखी बारीक. मग धान्याचा एक ट्रक धडधडत आला, आणि त्यानंतर काही ऐकू आलं नाही.